शब्दचर्चा: ॲनोरेक्सियाला ‘क्षुधानाश’ म्हणायचं का?

धंतोलीची मावशी: माझ्या भाचीला ॲनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणंच सुटतं तो आजार, ट्रीटमेंट सुरू आहे. त्यावरची दोन-तीन इंग्रजी पुस्तकं मी वाचून राहिली अन् ताई फक्त मराठीच वाचते म्हणून तिच्यासाठी वहीत उतरवून देते. एक हिल्डे ब्रूख यांचं, १९७८ चं, त्याचं नाव जसंच्या तसं बसलं, सोन्याचा पिंजरा. एका पेशंटनंच स्वतःला सोन्याच्या पिंजऱ्यातली चिमणी म्हटलं होतं. पण आजाराच्या नावालाच अडले. क्षुधानाश लिहिलं तर ताई म्हणते, अगं तिची भूक कुठं नाश पावली, स्वतः घास घेत नाही अन् रात्री मोबाइलवर गोळाभात, पाटवडीचे व्हिडिओ पाहत बसते, आम्हाला आग्रह करकरून वाढते.

बर्डीचा वैद्य: चूक मराठीची नाही, मूळ शब्दच तसा. ग्रीक ओरेक्सिस म्हणजे इच्छा, भूक, अन् आधी नकाराचा ‘अन्’, आपल्या अनिच्छेत आहे तोच. १८७३ च्या सुमारास लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी नाव रूढ केलं, ते चाललंय आजवर. तापात, काविळीत भूक लागत नाही त्याला क्षुधानाश ठीक. आयुर्वेदात अरोचक आहे, माधवनिदानात त्याचा वेगळा अध्यायच आहे, पण तिथं तोंडाला चव नसते. हिला चव आहे हो, तिचीच तर भीती वाटते.

महालकर: आपल्याकडे भूक मरते अन् भूक मारतातही. ही दुसरी. ‘भूकमार’ कसं वाटतं?

धंतोलीची मावशी: नको भाऊ. मारणं म्हटलं की पोरगी मुद्दाम करते असं होतं, नातेवाईक तेच बोलून राहिले, नखरे आहेत म्हणे. उपासमारीनंच डोकं तसं चालायला लागतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले होते, त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं तर दिवसभर खाण्याचंच बोलायचे, काही जण तर रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. हे ऐकून ताईला ते व्हिडिओ आठवले अन् रडलीच ती.

नागपुरी पोट्टी: जर्मनमध्ये मागरझुख्ट म्हणतात, मागर म्हणजे कृश अन् झुख्ट म्हणजे व्यसन, लत. मग कृशतेचं व्यसन?

महालकर: व्यसन म्हटलं की लोकांना खर्राच दिसते बाप्पा. हिवताप शब्द असून आपण मलेरियाच म्हणतो नं, तसं ॲनोरेक्सियाच लिहा अन् पुढं चला.

धंतोलीची मावशी: बरं, तसंच करते. पण खरा घोळ पुढंच आहे. रिकव्हरीला मी ‘तब्येत सुधारली’ लिहिलं अन् ताईनं खोडलं. आपल्याकडे तब्येत सुधारली म्हणजे वजन वाढलं. मागं एका लग्नात काकू कौतुकानंच म्हणाल्या, वा, तब्येत छान झाली, अंगी लागलं हो! घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. अंगी लागणं, अंग भरणं, बाळसं धरणं, आपले मायेचे सगळे शब्द वजनाचेच निघाले, मी तर चाटच पडले. अन् रीफीडिंगला, म्हणजे उपाशी राहिलेल्याचं खाणं परत सुरू करतात त्याला, काय?

नागपुरी पोट्टी: उपास सोडतात ते पारणं?

बर्डीचा वैद्य: पारणं नको, त्यानं उपास पुण्याचा ठरतो. सरळ जेवू घालणं म्हणा. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलातून १९८० च्या दशकात जी पद्धत पुढं आली तिच्यात आईबाप हेच करतात, समोर बसून जेवू घालतात. मात्र फार दिवस उपाशी असलेल्याला किती अन् कसं वाढवत न्यायचं ते डॉक्टरला विचारूनच, एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं, हृदयावर बेततं.

महालकर: रिकव्हरीचं आठवलं. आमची आजी तापातून उठलेल्याला विचारायची, हुशारी आली का रे? वजनाचा काही संबंधच नाही त्यात.

धंतोलीची मावशी: हुशारी! लगेच ताईला फोन केला, खोडलेल्या जागी तेच लिहिलं तिनं. फक्त भाची मागून ओरडली, हुशार तर मी आधीपासूनच आहे.