कोरल आणि फोटोशॉपमध्ये कोणते शॉर्टकट आधी शिकावेत? (डीटीपी, पत्रिका व फ्लेक्सचे काम, कोल्हापूर)

राजारामपुरी_डीटीपी :

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत माझे डिझाइन आणि डीटीपीचे (छपाईसाठी संगणकावर मांडणी करण्याचे) छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, गुळाच्या बॉक्सची लेबले, व्हिजिटिंग कार्डे आणि पेठांतल्या तालीम मंडळांचे फ्लेक्स असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. मांडणी आम्ही कोरलड्रॉमध्ये करतो आणि फोटोंपुरते फोटोशॉप वापरतो. हाताखाली दोन मुले आहेत. त्यांची दृष्टी चांगली आहे, परंतु प्रत्येक गोष्ट ती मेनू उघडून माऊसने करतात. एरवी हे चालून जाते, मात्र गणपती जवळ आले किंवा लग्नसराई सुरू झाली, की खुर्चीला खुर्ची लावून ग्राहक बसलेला असतो आणि नावातली एक वेलांटी बदलायलाही वेळ लागतो.

शॉर्टकटची एक लांबलचक यादी छापून भिंतीवर लावली, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो, की आमच्यासारख्या कामात आधी कोणते शॉर्टकट शिकवावेत आणि ते हातात बसावेत यासाठी काय करावे? शिवाय बाहेरगावचे काही ग्राहक आता इलस्ट्रेटरच्या (कोरलसारख्याच ॲडोबीच्या प्रोग्रामच्या) फायली मागू लागले आहेत. कोरल आणि इलस्ट्रेटर शेजारी शेजारी वापरताना गोंधळ होईल का, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

लक्ष्मीपुरी_प्रेस :

भिंतीवरची यादी आधी काढून टाका. यादी प्रोग्रामच्या क्रमाने असते आणि आपले काम तसे चालत नाही. त्याऐवजी एखाद्या दिवशी मुलांच्या मागे उभे राहून त्यांचा माऊस पुन्हा पुन्हा कोणत्या मेनूकडे जातो एवढेच पाहा. पत्रिकेच्या आणि लेबलच्या कामात तो बहुतेक वेळा झूम, अलाइनमेंट, मागे-पुढे करणे, ग्रुप आणि कर्व्ह यांच्याकडेच जातो. तेवढे हातात आले, की बाकीचे गरजेप्रमाणे येत राहते.

झूमपासून सुरुवात करा, कारण ते दर मिनिटाला लागते आणि चुकले तरी काही बिघडत नाही. एफ-४ दाबल्यावर फाइलमधल्या सर्व वस्तू दिसतात, शिफ्ट-एफ-४ दाबल्यावर पूर्ण पान दिसते आणि शिफ्ट-एफ-२ दाबल्यावर निवडलेली वस्तू पडद्यावर भरून येते. एफ-४ चा एक जादा उपयोग असा, की पानाबाहेर कुठे तरी लांब एखादा तुकडा राहून गेला असेल तर तो लगेच उघडा पडतो, आणि फाइल छपाईला देण्यापूर्वी हे कळलेले बरे.

अलाइनमेंटसाठी कोरलमध्ये एकेका अक्षराचे शॉर्टकट आहेत. एल, आर, टी आणि बी ही डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या कडेची अक्षरे आहेत, तर सी आणि ई मध्यावर आणण्यासाठी आहेत. वस्तू शिफ्ट धरून एकेक निवडल्या असतील, तर शेवटी निवडलेली वस्तू जागेवर राहते आणि बाकीच्या तिच्याकडे सरकतात. हे एवढे एक मुलांना पक्के समजावून द्या, म्हणजे ‘भलतीच वस्तू हलली’ ही तक्रार थांबेल. पी दाबल्यावर वस्तू पानाच्या मध्यावर येते, पण येथे सावध राहावे लागते. वरचा गणपती, वधूवरांची नावे आणि खालचा मुहूर्ताचा मजकूर असे सारे एकत्र निवडून पी दाबले, तर ते एकमेकांच्या डोक्यावर येऊन बसते, कारण प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे मध्यावर जाते. आधी कंट्रोल-जी करून ग्रुप करावा, मग पी दाबावे.

तुमच्या गुळाच्या लेबलांसाठी मात्र सर्वांत जास्त वेळ वाचवणारी गोष्ट निव्वळ कीबोर्डची नाही. बारा बाय अठराच्या शीटवर लेबले बसवताना बहुतेक जण कॉपी, पेस्ट आणि मग सरकवणे असा खेळ करत बसतात. त्याऐवजी पहिले लेबल डाव्या बटणाने पकडावे, कंट्रोल धरून सरळ रेषेत उजवीकडे न्यावे आणि डावे बटण न सोडता उजवे बटण एकदा दाबावे. मूळ लेबल जागेवर राहते आणि नवी प्रत हाताशी येते. त्यानंतर कंट्रोल-आर दाबत गेलात, की तितक्याच अंतरावर पुढची लेबले आपोआप बसत जातात. एक ओळ पूर्ण झाली, की तिचा ग्रुप करून तीच कृती खालच्या दिशेला करावी. शीट भरायला मिनिटभरही लागत नाही आणि दोन लेबलांमधले अंतर सगळीकडे सारखे राहते, त्यामुळे कटिंगवाल्याचीही कटकट राहत नाही.

शेवटचे कंट्रोल-क्यू, म्हणजे कर्व्ह करणे, अर्थात मजकुराच्या अक्षरांचे नुसते आकार करणे. प्रेसमध्ये किंवा रेडियम कटिंगला फाइल पाठवताना समोरच्याकडे आपला मराठी फॉन्ट असेलच असे नाही, म्हणून हे करावे लागते. परंतु कर्व्ह झालेल्या मजकुरात पुन्हा टाइप करता येत नाही. त्यामुळे मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवल्याशिवाय कंट्रोल-क्यू करायचे नाही, असा दुकानाचा नियमच करा.

रंकाळा_फोटो :

फोटोशॉपपुरते मी सांगतो. फ्लेक्सच्या कामात फोटो कापणे आणि बसवणे हाच मोठा भाग असतो. पेन टूलने बाह्यरेषा काढून झाली, की कंट्रोल-एंटरने तिचे सिलेक्शन होते आणि कंट्रोल-जे दाबल्यावर तो भाग स्वतंत्र लेयरवर येतो. मूळ फोटो खाली शाबूत राहतो. ब्रश लहान-मोठा करण्यासाठी चौकटी कंसाची दोन बटणे आहेत, डी दाबल्यावर रंग काळा-पांढरा होतो आणि एक्स दाबल्यावर त्यांची अदलाबदल होते. लेयर मास्कवर (लेयरचा नको तो भाग झाकणाऱ्या पडद्यावर) केसांच्या कडा साफ करताना डावा हात एक्सवर आणि उजवा माऊसवर ठेवला, तर पॅनेलकडे पाहावेही लागत नाही. स्पेसबार दाबून धरला, की कोणत्याही टूलमधून तात्पुरता हात मिळतो आणि चित्र सरकवता येते.

एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. कंट्रोल-टी करून फोटो लहान-मोठा करताना पूर्वी प्रमाण राखण्यासाठी शिफ्ट धरावी लागत असे. सीसी २०१९ या आवृत्तीपासून हे उलट झाले असून आता शिफ्ट न धरता प्रमाण राहते आणि शिफ्ट धरली तर ते बिघडते. एका संगणकावर जुनी आणि दुसऱ्यावर नवी आवृत्ती असेल, तर सवयीने शिफ्ट धरणाऱ्या मुलाच्या हातून अध्यक्षांचा चेहरा रुंद होऊन फ्लेक्सवर जातो आणि ते चौकात उभे राहिल्यावरच सर्वांच्या लक्षात येते. नव्या आवृत्त्यांच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ हा पर्याय आहे. तो निवडल्यास जुनी पद्धत परत मिळते. दुकानातल्या सर्व संगणकांवर एकच पद्धत ठेवावी.

पासपोर्ट फोटोंसारखे ठरावीक काम असेल तर शॉर्टकटच्या मागे न लागता ॲक्शन (एकामागून एक कृतींची नोंद, जी पुन्हा आपोआप चालवता येते) रेकॉर्ड करावी आणि तिला एखादे एफ-बटण द्यावे.

पापाची_तिकटी :

वरील सल्ले योग्यच आहेत, तरी थोडे वेगळे मत मांडतो. आपल्या धंद्यात वेळ जातो तो हात हळू चालल्यामुळे कमी आणि मॅटर अर्धवट आल्यामुळे जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर नावे तुटक येतात, फोटो अंधारातला असतो, ‘प्रमुख उपस्थिती’मध्ये कोणाचे नाव वर घ्यायचे हे प्रूफ काढल्यावर ठरते. शॉर्टकट शिकवा, पण लेखी मॅटर आणि मोठ्या आकाराचे मूळ फोटो आल्याशिवाय काम हाती घेऊ नका. तसे केल्यास कंट्रोल-झेडही कमी वेळा दाबावे लागेल.

शाहूपुरी_टायपिंग :

मराठी टायपिंगमुळे येणारी एक अडचण अजून कोणी सांगितलेली नाही. युनिकोडमध्ये काम करत असाल, तर इंग्रजी आणि मराठी कीबोर्ड सतत बदलावा लागतो. मराठी इनस्क्रिप्ट (युनिकोडची एक कीबोर्ड मांडणी) चालू असताना व्ही या बटणावर ‘न’ आणि बीवर ‘व’ येतो. त्यामुळे एका अक्षराचे शॉर्टकट चालेनासे झाले, की प्रोग्रामला दोष देण्यापूर्वी खाली टास्कबारवर कोणती भाषा दिसते ते पाहावे. मजकुरात कर्सर असतानाही हीच गत होते, कारण तेव्हा दाबलेले अक्षर मजकुरातच उमटते. कोरलमध्ये अशा वेळी कंट्रोल-स्पेस दाबल्यास पिक टूल हाती येते. कर्सर मजकुरात नसेल तर नुसता स्पेसबार पुरतो.

दुसरी गोष्ट याहून त्रासदायक आहे. विंडोजमध्ये डावे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यास भाषा बदलते. इलस्ट्रेटरमध्ये मध्यबिंदू आणि प्रमाण दोन्ही राखून वस्तू मोठी करायची, तर नेमकी हीच दोन बटणे धरावी लागतात. परिणामी वस्तू मोठी होते आणि त्याबरोबर कीबोर्डही गुपचूप मराठी होऊन बसतो. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ या ठिकाणी जाऊन तो शॉर्टकट काढून टाकावा आणि भाषा बदलण्यासाठी विंडोज-स्पेस वापरावे. तेथेच कीबोर्ड लेआउट बदलण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट ठेवलेले आढळल्यास तेही काढावे, कारण कोरलमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र धरण्याची वेळ रोज येते.

राजारामपुरी_डीटीपी :

सर्वांचे मनापासून आभार. भाषेच्या बटणांचा घोळ आमच्याकडे नेमका असाच होत होता आणि आम्ही कीबोर्डच बदलायच्या विचारात होतो.

आणखी दोन शंका आहेत. एका मुलाकडे लॅपटॉप असून त्यावर एफ-४ दाबले, की आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो. आणि इलस्ट्रेटरचा प्रश्न अजून बाकी आहे.

लक्ष्मीपुरी_प्रेस :

लॅपटॉपवर एफएन लॉक पाहा, म्हणजे एफ-बटणे आवाज-उजेडाऐवजी एफ-बटणे म्हणूनच चालतील. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपवर ते एफएन आणि एस्केप एकत्र दाबून चालू होते, नाही तर बायोसमध्ये पर्याय असतो. नंबर पॅड नसेल तर यूएसबीचा वेगळा घ्या, कारण कोरलमध्ये नंबर पॅडवरचे अधिक चिन्ह दाबल्यास वस्तूची प्रत जागच्या जागी तयार होते आणि सावली किंवा दुहेरी बॉर्डर करताना ते फार उपयोगी पडते.

उद्यमनगर_पॅकेजिंग :

इलस्ट्रेटरबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे दोन्ही प्रोग्राम रोज चालतात.

गोंधळ होणार हे गृहीत धरा. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे कर्व्ह, तर इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे प्रोग्राम बंद. इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आणि फोटोशॉप १९९० मध्ये आधी मॅकिंटॉशवर आले, तेथे कमांड-क्यू म्हणजे बाहेर पडणे ही जुनी पद्धत होती आणि तीच पुढे विंडोजवर कंट्रोलच्या रूपाने आली. १९८९ चा कोरलड्रॉ मात्र पहिल्यापासून विंडोजवर वाढला, म्हणून त्याची बटणे निराळी राहिली. कंट्रोल-डीचे तर चार अर्थ आहेत. कोरलमध्ये त्याने प्रत तयार होते, इलस्ट्रेटरमध्ये मागची हालचाल पुन्हा होते, फोटोशॉपमध्ये सिलेक्शन सुटते आणि इनडिझाइनमध्ये (ॲडोबीच्या पानांच्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये) चित्र आणण्याची खिडकी उघडते. कोरलचे कंट्रोल-के वस्तू सुटी करते, तर ॲडोबीमध्ये त्यानेच प्रेफरन्सेस उघडतात.

फाइल सेव्ह केलेली नसेल, तर बंद होण्यापूर्वी प्रोग्राम विचारतो, त्यामुळे लगेच काम जाते असे नाही. तथापि घाईत ‘नो’वर क्लिक झाले, की संपले. म्हणून इलस्ट्रेटर बसवल्याच्या दिवशीच एडिट मेनूमधील ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’मध्ये जाऊन ‘एक्झिट’समोरचे कंट्रोल-क्यू काढून टाका. त्या ठिकाणी ‘क्रिएट आउटलाइन्स’ (कोरलच्या कर्व्हचेच काम) देता येते. त्याचे मूळचे बटण कंट्रोल-शिफ्ट-ओ आहे. पण येथे माझे मत असे, की फक्त हा एकच बदल करावा. सगळा इलस्ट्रेटर कोरलसारखा करून घेतला, तर मुलगा उद्या दुसरीकडे कामाला गेल्यावर त्याला सर्व नव्याने शिकावे लागेल, आणि दुसरीकडून आलेला माणूस तुमच्या संगणकावर अडखळेल.

आपण केलेला संच वेगळ्या नावाने सेव्ह करता येतो. त्याची केवायएस फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे संगणक फॉरमॅट करावा लागला तरी पुन्हा मेहनत नको. कोरलमध्येही ऑप्शन्समधील कस्टमायझेशनमध्ये वेल्ड (आकार जोडून एक करणे) आणि पॉवरक्लिप (चित्र एखाद्या आकाराच्या आत बसवणे) यांसारख्या तुम्हाला वारंवार लागणाऱ्या आज्ञांना हवी ती बटणे देता येतात. शक्यतो ती डाव्या हाताच्या आवाक्यातली निवडा. एफ-१२ किंवा पेज-अपसाठी उजवा हात माऊस सोडून जातो आणि वाचवलेला वेळ तेथेच परत खर्च होतो.

मुलांना शिकवण्याबद्दल एवढेच सुचवतो, की एका आठवड्यात तीन-चारच शॉर्टकट घ्या आणि त्या आठवड्यात तेवढ्या कामांसाठी मेनू उघडायचा नाही असे ठरवा. पहिल्या एक-दोन दिवसांत वेग उलट कमी होतो, म्हणून हे लग्नसराईत किंवा गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका. त्यासाठी पितृपक्षाचा पंधरवडा उत्तम, कारण तेव्हा पत्रिकांचे कामही नसते आणि उद्घाटनांचे फ्लेक्सही नसतात.