४जी फक्त फुकट डेटामुळे पसरलं?

वर एकांनी म्हटलंय की जिओने डेटा फुकट वाटला म्हणून भारतात ४जी पसरलं. अर्धंच खरं आहे. २०१० च्या ३जी स्पेक्ट्रमच्या (मोबाइलसाठीच्या रेडिओलहरींच्या) लिलावात सरकारला ६७ हजार कोटींच्या वर मिळाले, पण खासगी कंपन्यांना प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या विभागात, लहरींचा जेमतेम ५ मेगाहर्ट्झचा जोडपट्टा (एक पाठवायला, एक घ्यायला) आला आणि एकाही खासगी कंपनीला सगळी सर्कल मिळाली नाहीत. एवढ्याशा पट्ट्यात एका टॉवरखालच्या सगळ्यांनी बोलायचं आणि नेटही वापरायचं! संध्याकाळी एसटी स्टँडवर फोनच्या कोपऱ्यात ३जीची खूण असलेला 'एच' दिसायचा, पान मात्र उघडता उघडत नसे.

२०१६ साली आलेल्या जिओकडे २जी-३जी नव्हतंच, त्यामुळे कॉलसुद्धा डेटावरूनच, म्हणजे व्होल्टीवर (४जीच्या डेटातूनच आवाज नेण्याची पद्धत). याउलट २००९ च्या डिसेंबरात स्टॉकहोम आणि ऑस्लोत जगातलं पहिलं व्यावसायिक ४जी सुरू झालं, तेव्हा त्यासाठी फोनच नव्हते, लॅपटॉपला डोंगल (नेटसाठी यूएसबीत खोचायचं छोटं यंत्र) लावावा लागे.

हँडसेटचा मुद्दा इथे कुणीच काढला नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. २०१७ चा बटणांचा जिओफोन दीड हजारांच्या परतीच्या अनामतीवर मिळायचा. स्मार्टफोन न परवडणाऱ्या घरांत ४जी शिरलं ते त्या फोनमुळे. २जी बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी अशा घरांचा विचार करावा.