मदत हवी आहे: कौलं काढून पत्रे घातले आणि माळ्यावर बुरशी धरली

पडवीतला:
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. आई-बाबा तिथेच राहतात, मी ठाण्यात असतो. माकडांनी कौलं फोडून उच्छाद मांडला होता, आणि दरवर्षी पावसाआधी घर शाकारायला माणूस मिळेनासा झाला. शेवटी मंगलोरी कौलं उतरवून रंगीत पत्रे घातले. वासे जुनेच ठेवले. माळा फळ्यांचा आहे, साधारण ६०० चौरस फूट. उंदीर आणि जनावर (साप) आत शिरू नये म्हणून कंत्राटदाराने वळचणीची फट विटा-सिमेंटने बंद करून टाकली. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींनाही खिडकी नाही.

तेव्हापासून पावसाळा आला की माळ्यावर कुबट वास येतो. वाशांवर पांढरट-हिरवी बुरशी, ट्रंकेतल्या गोधड्यांवर काळे ठिपके. मखराचं सामान तर टाकूनच द्यावं लागलं. आई म्हणते, कौलं होती तेव्हा असं कधी झालं नाही. खरं आहे, पण तेव्हा घरात चूलही पेटत होती.

कंत्राटदार म्हणतो, पत्र्याखाली पीव्हीसीचं सीलिंग मारून घ्या, बुरशी दिसणारच नाही. (दिसणार नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे!) गावातला दुसरा एक जण म्हणतो, छपरावर वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा. गणपतीत घर भरतं. त्याआधी तात्पुरतं काय करावं, आणि पाऊस संपल्यावर कायमचं काय? गावच्या घरात ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा.

चिरेबंदी:
सीलिंगचा विचार आधी डोक्यातून काढा. ते मारलं की वर काय चाललंय ते वासा मोडेपर्यंत कळणार नाही.

पाणी गळतंय की पत्र्याला घाम येतोय, ते पहिलं बघा. गळती असेल तर डाग ठरावीक जागी दिसतात, स्क्रूपाशी किंवा पत्र्याच्या जोडावर, आणि जोराच्या सरीनंतर वाढतात. घाम असेल तर पहाटे सगळ्या पत्र्याला खालून सारखे थेंब असतात, आणि पाऊस न पडलेल्या, चांदणं असलेल्या रात्रीनंतर जास्तच. बाबांना पहाटे टॉर्च घेऊन वर बघायला सांगा. तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं, तेही वर ठेवा.

पडवीतला:
बाबांनी पाहिलं. काल रात्री उघडीप होती, तरी पहाटे सगळा पत्रा खालून ओला. हात फिरवला तर पाणी ओघळलं म्हणे.

रातांबा:
म्हणजे घामच. कौलांची गोष्ट वेगळी होती. कौल जाड, भाजक्या मातीचं. थोडं पाणी पिऊन घेतं आणि ऊन पडलं की सोडतं. शिवाय सांध्यासांध्यांतून हवा ये-जा करत असते. पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. आभाळ मोकळं असलं की रात्री त्याची उष्णता वर निघून जाते आणि तो भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. हवा २४ अंशांवर असेल आणि आर्द्रता ९० टक्के, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, २२ अंशांच्या जरासा वर असतो. पत्रा दोन अंशांनी गार झाला की थेंब धरलेच. ते वाशांवर, फळ्यांवर पडणार आणि बंद माळ्यात वाळायला वाव नाही. लाकडालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी येते. खुद्द लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या पुढे गेलं तर कुजण्याची भीती.

तुमच्या घरी मुख्य चूक ती बुजवलेली वळचण. दोन्ही बाजूंची फट परत उघडा आणि वर आढ्यापाशीही वाट ठेवा, म्हणजे हवा खालून आत येईल आणि वरून जाईल. खालची फट बंद ठेवून नुसता टर्बो बसवलात तर तो फळ्यांच्या फटींतून खालच्या खोल्यांची हवा ओढणार, म्हणजे भाताची वाफ थेट माळ्यावर. मोकळी जागा किती हवी? अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाचा १५०वा भाग धरतात, म्हणजे तुम्हाला ४ चौरस फूट. जाळीच्या तारांनी अडवलेली जागा त्यातून वगळायची. आपल्या हवेत मी तरी याच्या दुप्पट ठेवीन, निम्मी खाली, निम्मी वर. आढ्याची टोपी उचलायची तर ती चांगली रुंद हवी, नाहीतर तिरपा पाऊस आत येतो. त्यापेक्षा त्रिकोणी भिंतींत उतरत्या पट्ट्यांची झडप बसवणं सोपं.

आगोट:
पण जुलैत बाहेरचीच हवा ९५ टक्के ओली असते. ती आत घेऊन माळा कोरडा कसा होणार? मला हे पटत नाही.

रातांबा:
संततधारेत माळा कोरडा होणार नाही, हे मान्य. तेव्हा हवा खेळती ठेवायची ती घरातली वाफ वर साठू नये एवढ्यासाठी. खरा फायदा उघडिपीच्या दिवशी. ऊन पडलं की पत्रा तापतो, लाकडातला ओलावा हवेत येतो, आणि वाट असेल तर बाहेर जातो. वाट नसेल तर रात्री तोच परत पत्र्याला लागतो.

घाम थांबवायला मात्र नुसती हवा पुरत नाही. पत्र्याला खालून फोमचा थर चिकटवून घ्या, पाणी न पिणारा, एक्सएलपीई म्हणून मिळतो. ओल्या हवेला गार पत्रा लागलाच नाही तर थेंब कुठून धरणार? हे काम दिवाळीनंतर, पत्रा खडखडीत कोरडा असताना. आत्ता केलंत तर चिकटणार नाही.

लेस्टरकर:
इकडे इंग्लंडात हाच त्रास हिवाळ्यात होतो. घरातली उबदार, दमट हवा थंड लॉफ्टमध्ये चढते. लोक ऊब टिकवायला २७० मिलिमीटर जाडीची काचलोकर (ग्लासवूल) अंथरतात, ती वळचणीत कोंबतात आणि हवेची वाट बुजवून बसतात. अशा वेळी इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न तुम्हालाही विचारतो. न्हाणीघराचा पंखा हवा कुठे सोडतो?

पडवीतला:
दादा, बाबांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. नवीन न्हाणीघराच्या एक्झॉस्टचा पाइप माळ्यावरच सोडलाय, बाहेर काढलाच नाही! गीझरच्या आंघोळीची सगळी वाफ वर. शिवाय पावसात कपडे वाळत घालायची दोरीही तिथेच आहे.

चिरेबंदी:
मग गणपतीआधीचं काम ठरलं. पाइप भिंतीतून बाहेर काढा, बाहेरच्या तोंडाला खाली वळलेलं एल्बो लावा. दोरी पडवीत. आणि त्रिकोणी भिंतींतला एकेक चिरा काढून जाळी मारा. गवंड्याला हे जड नाही.

सुलूमावशी:
बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका हो, सगळ्या घरात उडते. एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. ब्लीच लाकडात मुरत नाही, वरचा रंग जातो आणि बुरशी आत राहते. आणि ब्लीच वापरलंच तर संडास धुवायच्या ॲसिडबरोबर मुळीच नको, विषारी वायू होतो. लाकूड पूर्ण वाळल्यावर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी मारून घ्या, वाळवीलाही उपयोगी.

माळ्यावर भात ठेवता का? कणगीला बुरशी दिसली तर तो भात गुरांनाही घालू नका. सामान भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर उचलून ठेवा.

पडवीतला:
भात यंदा खालीच आहे, सुदैवाने. सगळ्यांचे आभार. शेवटचं एक विचारतो. वळचण उघडली की उंदीर आणि जनावर परत येणार, बाबांचा खरा विरोध तिथेच आहे. जाळी कुठली मारू?

रातांबा:
कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी नको, उंदीर सहज निघतो. पाव इंच भोकाची, वेल्ड केलेली जस्ती जाळी घ्या. नायलॉनची मच्छरदाणीची जाळी तर उंदीर एका रात्रीत कुरतडतो, आणि धूळ बसून हवाही अडते. चिऱ्यात स्क्रूने पट्टी मारून बसवा, नुसतं सिमेंट लावू नका, म्हणजे दर मे महिन्यात काढून साफ करता येईल. बाबांना सांगा, पाव इंचातून उंदीर येत नाही, आणि उंदीर नसला की जनावरालाही वर यायचं कारण उरत नाही.