जुनं जीटीएक्स की नवं इंटिग्रेटेड? लॅपटॉपवर गेम खेळणाऱ्यांनी बोला

गिरगावकर77

लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार) अजूनही 2017-18 सालचे, जीटीएक्स 1050 आणि 1050 टीआय ही एनव्हीडियाची वेगळी ग्राफिक्स कार्डं असलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप "गेमिंग पीस आहे साहेब" म्हणून विकले जातात. गिऱ्हाईकही खूश, कारण कीबोर्डच्या बाजूला एनव्हीडियाचा हिरवा स्टिकर असतो. माझं मत स्पष्ट आहे: गेमिंगसाठी आज असा लॅपटॉप घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. प्रोसेसरच्या पोटात बसलेलं नवं ग्राफिक्स (म्हणजेच इंटिग्रेटेड), विशेषतः एएमडीचं रेडिऑन 780एम, त्या कार्डांच्या पुढे निघून गेलंय.

1050 टीआयमध्ये 768 कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग), 780एममध्येही 768. आकडा सारखा दिसतो म्हणून फसू नका. जुनी चिप 14 नॅनोमीटरची, नवी 4 नॅनोमीटरची, आणि क्लॉकचा वेग (चिप किती झपाट्याने काम करते तो) दीडपटीहून जास्त. शिवाय एनव्हीडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (गेम आणि विंडोजला कार्डाशी जोडणारं सॉफ्टवेअर) देणं ऑक्टोबर 2025 पासून थांबवलंय. यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर 2028 पर्यंत. 960एम, 1050, 1060 सगळे त्यात आले.

आणि एक, ज्याकडे कोणी बघतच नाही: त्या लॅपटॉपांत बहुतेक वेळा सातव्या पिढीचा आय5 किंवा आय7 असतो. विंडोज 11 त्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

भाचा डिप्लोमाला लागलाय, त्याला घ्यायचाय, म्हणून विषय काढला. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर भांडा.

सोल्डरबाबा

गिरगावकर, भांडायला आलोय. माझा धंदाच लॅपटॉप दुरुस्तीचा, ग्रँट रोडला, त्यामुळे हिरवे स्टिकर रोज बघतो.

तुम्ही बकरा सोयीचा निवडलात. 1050 च्या समोर 780एम उभं केलं की जिंकणारच. जरा 1650 उभं करा. एप्रिल 2019 चं कार्ड, पास्कलच्या पुढची ट्युरिंग पिढी, म्हणजे ड्रायव्हर अजून चालू. लॅपटॉपातल्या 1650 ला 1024 कोअर, स्वतःची 4 जीबी मेमरी आणि पूर्ण ताकदीच्या मॉडेलमध्ये स्वतःचे 50 वॅट. सोबत नवव्या पिढीचा आय5 येतो, त्यावर विंडोज 11 सरळ बसतं. तुमचे दोन्ही आक्षेप गेले की नाही?

दुसरं. 780एम ज्या लॅपटॉपात येतं त्याची किंमत आणि सेकंडहँड 1650 ची किंमत यांत जवळजवळ दुप्पट फरक पडतो. डिप्लोमाच्या पोराला घरून पैसे किती मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच.

पोरगी_परळची

मी सध्या तोच 1650 वाला लॅपटॉप वापरते, दादाकडून आलेला. खेळायला छान आहे, 1080पीला मध्यम सेटिंग ठेवली की बहुतेक गेम निभतात. पण तो घेऊन सकाळी दादरला गाडी बदलून दाखवा. लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास, त्यात चार्जरची ती वीट. लेडीज डब्यात बॅग पुढे धरून उभं राहिलं की बॅग कोणती आणि मी कोणती, कळत नाही.

आणि चार्जर काढला की गेम मेला समजा. बॅटरीवर त्या कार्डाला पुरेशी वीजच मिळत नाही, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) धपकन खाली येतो. मैत्रिणीचा 780एमवाला बॅटरीवरही बराचसा तसाच चालतो. कॉलेजात प्लग मिळणं हा नशिबाचा भाग आहे, त्यामुळे माझं मत गिरगावकरांना.

निवांत_नाना

माझ्याकडे 960एम आहे. 2015 चा. जीटीए फाइव्ह उत्तम चालतो, क्रिकेट चालतं, नातवाचं माइनक्राफ्ट चालतं. तुम्ही लोक कार्ड कशाला बदलता हेच मला समजत नाही. चालू द्या.

अश्विनी_के

नाना, तुमचं बरोबरच आहे. ज्याला 2018 च्या आधीचेच गेम खेळायचेत त्याने हा धागा बंद करून गेम लावावा.

बाकीच्यांसाठी: तुम्ही सगळे कोअर मोजताय, पण इथे लढाई मेमरीची आहे. ग्राफिक्सला सेकंदाला किती डेटा मिळतो ते बघा. 1050 टीआयला 112 जीबी. 1650 ला जुन्या प्रकारची मेमरी, जीडीडीआर 5, असेल तर 128, नवी जीडीडीआर 6 असेल तर 192. आणि हे सगळं एकट्या कार्डाचं, प्रोसेसर त्यात तोंड घालत नाही.

780एमला स्वतःची मेमरी नाही, ते लॅपटॉपची रॅम वापरतं. बोर्डावर सोल्डर केलेली एलपीडीडीआर 5एक्स 7500 असेल तर 120 जीबी. स्लॉटमधल्या डीडीआर 5 5600 च्या दोन पट्ट्या असतील तर 89.6. आणि दुकानदाराने एकच पट्टी टाकून दिली असेल तर 44.8. बस्स. त्यातलंही प्रोसेसर आपला वाटा आधी उचलणार. चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडं, तसा प्रकार.

म्हणजे "780एम" हे एकच नाव, पण एका लॅपटॉपात ते 1050 टीआयला मागे टाकतं आणि दुसऱ्यात त्याच्याही मागे पडतं. चिप तीच. इंटेलने तर हे नावातच मान्य केलंय: आयरिस एक्सई हे इंटिग्रेटेड ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपात एकच पट्टी असेल तर विंडोजमध्ये ते साधं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसतं. त्यांच्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरच्या एच मालिकेतही ग्राफिक्सला आर्क हे नाव हवं असेल तर ड्युअल चॅनेल (दोन पट्ट्यांसारखी दोन वाटांनी जोडलेली) 16 जीबी रॅम लागते.

वॅटचंही तसंच. पातळ लॅपटॉपात प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून 28 वॅट, कधी 15. 1650 चे 50 वॅट एकट्याचे.

सोल्डरबाबा

ताई, हेच म्हणतोय मी. पूर्ण वॅटचं 1650 आजही 780एमच्या पुढे आहे. फार नाही, पण आहे.

आणि रॅमचा विषय काढलाच आहे तर बाजारभावही सांगा. 2025 च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतलीये, रॅमचे भाव कुठच्या कुठे गेलेत. इंटिग्रेटेडला 16 जीबी म्हणजे किमान, कारण त्यातूनच ग्राफिक्सचा वाटा जातो. खरं तर 32 हवी. आज ती पट्टी घ्यायला जा, दुकानदार आधी पाणी विचारेल, मग भाव सांगेल. जुन्या लॅपटॉपात डीडीआर 4 असते, पण कार्डाची मेमरी वेगळी असल्याने 16 मध्ये आरामात भागतं.

गिरगावकर77

बाबा, 4 जीबीचं कौतुक पुरे. हल्लीचे मोठे गेम त्या 4 जीबीतच गळपटतात. टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) मावलं नाही की ते साध्या रॅममध्ये सांडतं आणि पीसीआयई या जोडणीवरून ये-जा सुरू होते. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण मध्येच चित्र अडखळतं. 780एमला बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून) 4 जीबी राखून देता येते, आणि वर लागेल तशी रॅम विंडोज त्याला देत राहतं.

शिवाय 1650 मध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावलीचं खरं गणित करण्याचं) हार्डवेअर नाही, टेन्सर कोअर नाहीत, म्हणजे डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) नाही. डिसेंबर 2024 चा इंडियाना जोन्सचा गेम आणि मे 2025 चा डूम: द डार्क एजेस, दोन्हींना हार्डवेअर रे ट्रेसिंग सक्तीचं आहे. जीटीएक्स नाव असलेल्या प्रत्येक कार्डाला तिथे दार बंद. 780एम एएमडीच्या आरडीएनए 3 पिढीचं आहे, त्यात ते हार्डवेअर आहे.

सोल्डरबाबा

दार उघडून आत काय बघणार? स्लाइड शो? कैच्याकै बोलू नका. 780एमवर हे गेम खेळण्यासारखे चालतात असं तुम्ही तरी छातीठोक सांगाल का? सक्तीच्या रे ट्रेसिंगचे गेम अजून बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि ज्याला ते खेळायचेत त्याने सरळ ते हार्डवेअर असलेलं एनव्हीडियाचं आरटीएक्स घ्यावं. डीएलएसएस नसलं तरी तसंच काम करणारं एएमडीचं एफएसआर 1650 वरही चालतं, ते विसरलात.

आणि ड्रायव्हरचं म्हणाल तर एएमडी तरी कुठे धुतल्या तांदळाची? ऑक्टोबर 2025 च्या शेवटी आरडीएनए 1 आणि 2 ची ड्रायव्हरची शाखा वेगळी काढली. लोकांनी बोंब मारल्यावर खुलासा आला की बाबांनो, नव्या गेमचा सपोर्ट चालूच राहील. रेडिऑन 680एम त्याच आरडीएनए 2 चं, 2022 चं. तीन-चार वर्षांत ही गत.

पोरगी_परळची

सोल्डरबाबा, एक प्रश्न. जुन्या लॅपटॉपचं कार्ड गेलं तर? इथली दमट हवा, पंख्यात साचलेला केसांचा गठ्ठा, वाळलेली थर्मल पेस्ट. माझा तर मे महिन्यात इतका तापतो की मांडीवर ठेवायची सोय नाही.

सोल्डरबाबा

पोरी, प्रामाणिकपणे सांगतो. पेस्ट आणि पंखा वर्षाला एकदा साफ करून घेतला तर तापमान बरंच उतरतं, ते काम सोपं आहे. पण कार्ड मेलं तर मदरबोर्डच बदलावा लागतो, कारण लॅपटॉपात ते सोल्डर केलेलं असतं. कोणी "चिप गरम करून चालू करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नकोस, काही आठवड्यांत परत बंद पडतं. इंटिग्रेटेडमध्ये हे झंझट कमी, एवढं मान्य. एकच चिप, एकच पंखा, कमी उष्णता.

पण एलपीडीडीआर 5एक्सवाल्या नव्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, ती वाढवता येत नाही. जी वेगवान ती बदलता येत नाही, जी बदलता येते ती मंद. कंपन्यांनी बरोबर कोंडीत पकडलंय.

अश्विनी_के

अजून एक सापळा राहिला, तो या सगळ्या चर्चेपेक्षा मोठा आहे. "नवीन लॅपटॉप" म्हणजे "नवीन ग्राफिक्स" नव्हे.

एएमडीचा रायझन 7 7730यू ऐकायला 7000 मालिकेचा, पण आत प्रोसेसर जुना झेन 3 आणि ग्राफिक्स वेगा 8. रायझन 5 7520यू मध्ये रेडिऑन 610एम, त्यात फक्त 2 कम्प्यूट युनिट (कोअरचे गट). 780एममध्ये 12 आहेत. रायझन 5 8645एचएस मध्ये 760एम, 8 युनिट. इंटेलकडे कोअर अल्ट्रा 5 125एच मध्ये 7 एक्सई कोअर आणि 125यू मध्ये 4. शेवटचं एक अक्षर बदललं की ग्राफिक्स जवळजवळ अर्धं.

गिरगावकर, तुम्ही भाच्याला नुसतं "नवीन इंटिग्रेटेड घे" सांगितलंत आणि तो 7520यू घेऊन आला, तर तुमचं ते 1050 टीआयवालं भंगार त्याला सहज मागे टाकेल. बाजारात कमी किमतीत हेच जास्त दिसतात. 780एम, 2024 चं 890एम किंवा इंटेलचं आर्क 140व्ही हे वरच्या किमतीचे प्रकार आहेत. 140व्ही तर मला स्वतःला सगळ्यांत आवडतं, बॅटरीवरही दमत नाही, पण त्याची रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते आणि किंमत बघून डोळे पांढरे होतात.

रच्याकने, भाच्याला नक्की खेळायचंय काय?

गिरगावकर77

वॅलोरंट, फिफाचा नवा अवतार, आणि कधीतरी सायबरपंक, असं म्हणतो. सायबरपंक मित्रांना दाखवण्यापुरता असावा.

अश्विनी_के

मग वॅलोरंट यांतल्या जवळजवळ कशावरही चालेल. विंडोज 11 वर त्याला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट (लॅपटॉपच्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं, एवढं बघा. सायबरपंक 780एमवर एफएसआर लावून, लो सेटिंगवर, रॅम चांगली असेल तर खेळता येतो. 1650 वरही तसाच, थोडा बरा. खरा फरक उरला तो वजन, बॅटरी आणि पैसे यांचा.

सोल्डरबाबा

आणि वॉरंटीचा. ते तुम्ही कोणी बोलला नाहीत, धंद्यातला असून मीच बोलतो.

माझं मत तरी तेच आहे. हातात पैसे कमी असतील तर पूर्ण वॅटचं 1650, घरी टेबलावर ठेवून खेळायचं. रोज लोकलने न्यायचा असेल आणि बजेट ताणता येत असेल तर 780एम. 1050 कोणी फुकट दिलं तर घ्या, विकत नको. गिरगावकर, एवढ्यापुरतं तुमच्याशी जमतं.

निवांत_नाना

म्हणजे माझं 960एम आता संग्रहालयात? त्यावर कालच शतक ठोकलंय मी.

पोरगी_परळची

नाना, इझी मोडवर ना?

बाबा, दुकानात उभ्या उभ्या रॅमचं कसं तपासायचं तेवढं सांगा. मलाही पुढच्या महिन्यात हा विकून नवा बघायचाय.

सोल्डरबाबा

टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे वेग दिसतो आणि "स्लॉट्स युज्ड" दिसतं. 2 पैकी 1 असेल तर एकच पट्टी आहे, दुसरी टाकून द्यायला सांग आणि तिचा भाव बिलाआधीच ठरव. सोल्डर केलेल्या रॅमला "रो ऑफ चिप्स" असं लिहून येतं, तिथे फक्त वेग बघ. मग जीपीयूवर टिचकी मार, नाव वाच. दुकानदाराने सांगितलेलं नाव नव्हे, तिथे दिसतंय ते. जुना 1650 घेत असशील तर एखादा गेम किंवा स्ट्रेस टेस्ट वीसेक मिनिटं चालवून दाखवायला सांग, पंख्याचा आवाज आणि तापमान दोन्ही कळतं. सुरू करून दाखवायला कुरकुर केली तर पुढच्या दुकानात जा, त्या रस्त्यावर दुकानांना तोटा नाही. फक्त रविवारी येऊ नकोस, बरीचशी बंद असतात.