पुण्यात एटीएम आणि परदेशी कार्ड: दहा हजारांमागे नक्की किती कापतात?

प्रेषक: फ्रीमाँटची सून

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात अमेरिकेतून पुण्याला चाललोय. मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न आहे. हॉल कर्वेनगरात, खरेदी लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेत. गुरुजी, मेंदीवाली, फुलंवाला, सासूबाईंच्या कामाच्या मावशी, सगळ्यांना रोख लागणार आणि ती आमच्या ह्यांनी काढून आणायची, असं घरात परस्पर ठरलंय.

गेल्या खेपेला डेक्कनवरच्या एका एटीएममधून इकडच्या डेबिट कार्डानं पैसे काढले होते. स्टेटमेंटमध्ये एकाच व्यवहाराखाली तीन ओळी! इथल्या बँकेला फोन केला तर म्हणे, तिकडच्या बँकेनं कापले. तिकडची बँक म्हणे, तुमच्याच बँकेला विचारा. खरं कोण बोलतंय? आणि या वेळी कोणतं कार्ड न्यावं?

---

प्रेषक: खजिनदार

ताई, दोघंही खरं बोलतायत, पण अर्धंच.

पहिला हात तुमच्या इथल्या बँकेचा. ‘आमचं नसलेलं एटीएम वापरलंत’ म्हणून ती ठरावीक रक्कम घेते, बऱ्याच ठिकाणी अडीच ते पाच डॉलर. वर ‘परदेशी व्यवहार’ म्हणून एक ते तीन टक्के वेगळे. दुसरा हात पुण्यात ज्या बँकेचं यंत्र आहे तिचा. सगळ्याच घेत नाहीत, पण काही बँका परदेशी कार्डावर दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुपये लावतात. ते पडद्यावर दाखवतात, पण मागे रांग उभी असताना वाचतो कोण?

आता गंमत अशी की परदेशी कार्डावर तिथली बहुतेक यंत्रं एका वेळी दहा हजारांच्या वर देत नाहीत. टक्केवारीनं याचा फरक पडत नाही, ठरावीक रकमेनं फार पडतो. हिशोबापुरता डॉलर ८५ रुपयांना धरा. दहा हजार काढले, तर पाच डॉलरचे झाले ४२५, तीन टक्क्यांचे ३००, यंत्राचे २०० धरू. एकूण ९२५, म्हणजे सव्वानऊ टक्के. लग्नघरासाठी पन्नास हजार हवे असतील तर पाचदा कार्ड घालायचं आणि ४,६२५ रुपये सोडायचे. तेवढ्यात तुळशीबागेत काय काय येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि तिसरा हात, जो स्टेटमेंटमध्ये दिसतच नाही. काही यंत्रं शेवटी सौजन्यानं विचारतात की रक्कम डॉलरमध्येच पक्की करून देऊ का, आणि खाली दर दाखवतात. तो दर त्यांचा असतो, व्हिसा किंवा मास्टरकार्डचा नसतो, आणि त्यात पाच-सहा टक्के सहज लपलेले असतात, कधी त्याहूनही जास्त. तिथं ‘नको’ दाबायचं. आपल्याकडची माणसं तिथं घाबरतात, वाटतं व्यवहारच रद्द होईल. होत नाही. पैसे येतात, हिशोब रुपयात होतो आणि रूपांतर कार्डाच्या नेटवर्कच्या दरानं, जो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. साडीच्या दुकानात मशीन पुढे करून ‘डॉलर की रुपये?’ विचारतात, तोही हाच प्रकार. रुपये म्हणा.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. ती उचल धरतात, वेगळं शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू.

कार्डाचं विचाराल तर माझ्याकडे चार्ल्स श्वाब या इथल्या कंपनीच्या इन्व्हेस्टर चेकिंग खात्याचं डेबिट कार्ड आहे. त्यावर परदेशी व्यवहाराचं शुल्क नाही, आणि जगातल्या कुठल्याही एटीएमनं लावलेलं शुल्क ते परत करतात. सोबत ब्रोकरेज, म्हणजे शेअर घेण्याविकण्याचं, खातं उघडावं लागतं, ते रिकामं राहिलं तरी चालतं. यंत्राची पावती मात्र ठेवा. शुल्क वेगळं न दाखवता मूळ रकमेतच मिसळलेलं असेल तर आपण होऊन मागावं लागतं. कार्ड टपालानं येतं, तेव्हा आत्ताच अर्ज करा.

---

प्रेषक: परत आलेला वारजेकर

खजिनदारांचं गणित चोख आहे, पण मुळात एवढी रोख कशाला?

मी परत आलो तेव्हापासून पाकिटातली नोट मोडायचा प्रसंग क्वचित येतो. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला क्यूआर, रिक्षावाल्याकडे क्यूआर, आमच्या इस्त्रीवाल्याकडेसुद्धा. तुम्ही लोक अजून दहा वर्षांपूर्वीचं पुणं डोक्यात घेऊन विमानात बसता.

तुमच्या नावावर एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, खातं असेल तर त्यावर यूपीआय चालतं, आणि २०२३ पासून अमेरिकन मोबाइल क्रमांकावरूनही जोडता येतं. सगळ्या बँकांनी ही सोय दिलेली नाही, म्हणून आपल्या शाखेला आधी ईमेल टाकून विचारा. हे काम इथं येऊन करायला जाऊ नका, सुट्टीतला आठवडा शाखेच्या बाकावर जाईल.

त्याच खात्याचं डेबिट कार्ड पुण्यात परदेशी ठरत नाही. डॉलर तिकडून घाऊक पाठवायचे, एकदाच दर बघून, आणि मग हवे तसे काढायचे. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर बचत खात्याला महिन्याला पाच व्यवहार फुकट, त्यानंतर प्रत्येकी जास्तीत जास्त २३ रुपये आणि कर. मुंबईत फुकटचे तीनच आहेत, कारण रिझर्व्ह बँकेच्या सहा महानगरांच्या यादीत पुणं नाही. यादीत नसल्याबद्दल पुणेकरानं तक्रार केली नाही, असं हे एकमेव प्रकरण असावं.

आणि हॉलवाला किंवा केटरर ‘सगळी रोखच द्या’ म्हणाला तर ऐकू नका. एका कार्यासाठी एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं २०१७ पासून बंदी आहे. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका. हे त्याला शांतपणे सांगितलं की चेक चालायला लागतो.

---

प्रेषक: ट्रेसीचे काका

एवढं सगळं करण्यापेक्षा शंभराच्या नोटा खिशात घालून न्या! कॅम्पात एम. जी. रोडला किंवा डेक्कनला दोन ठिकाणी भाव विचारा, घासाघीस होते, पावती घ्या. विमानतळावरच्या खिडकीत मात्र टॅक्सीपुरतेच बदला. पासपोर्ट लागतो. नोटा कोऱ्या न्या, घडी पडलेल्या बघून नाक मुरडतात. पाच हजार डॉलरच्या वर नोटा असतील तर उतरल्यावर कस्टमला जाहीर करायच्या, ते विसरू नका.

---

प्रेषक: फ्रीमाँटची सून

सगळ्यांचे आभार! काका, हे म्हणाले तुमचा मार्ग त्यांना सगळ्यात आवडला, म्हणजे तो नको.

दोन शंका. कोथरूडच्या बँकेत माझं लग्नाआधीचं साधं बचत खातं आहे, एटीएम कार्डासकट. तेच वापरलं तर? आणि उरलेले रुपये परत आणता येतात का? ड्रॉवरमध्ये दोन हजारांच्या काही नोटाही सापडल्यात.

---

प्रेषक: खजिनदार

ते साधं खातं तसंच चालवणं बरोबर नाही. अनिवासी झाल्यावर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते एनआरओमध्ये बदलून घ्यावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, इथल्या पत्त्याचा पुरावा, एवढ्यावर बहुतेक शाखा काम करतात. इकडून जाणारे तुमचे पगाराचे डॉलर शक्यतो एनआरईत टाका, ते परत आणणं सोपं. एनआरओ भाडं, जुनी एफडी वगैरे तिकडच्या उत्पन्नासाठी.

आणि भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी इथं एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, भरायचा असतो. सासूबाईंबरोबरचं जॉइंट खातंही त्यात मोजा. दर वर्षी ऑक्टोबरात हाच प्रश्न घेऊन कोणीतरी मला रात्री फोन करतं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

---

प्रेषक: परत आलेला वारजेकर

रुपये माणशी पंचवीस हजारांपर्यंत नेता-आणता येतात. पुढच्या खेपेच्या टॅक्सीपुरते ठेवा, बाकीचे सासूबाईंकडे द्या.

दोन हजाराच्या नोटा कायदेशीर चलन आहेत, पण दुकानात कोणी घेणार नाही आणि साध्या शाखेतही आता बदलून मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कचेरीत जावं लागतं किंवा भारतातल्या पोस्टातून नोटा तिथं पाठवून इथल्या खात्यात जमा करून घ्याव्या लागतात, आणि पुण्यात तशी कचेरी नाही. सगळ्यात जवळ बेलापूर. मुंबईला उतरून टॅक्सीनं येणार असाल तर ते वाटेवरच आहे, फक्त कचेरीच्या वेळेत पोचेल असं विमान बघा आणि ओळखपत्र हातात ठेवा. आतल्या रांगेचं मी काही बोलत नाही.