मदत हवी आहे: माल्टातील पक्षांच्या वाहिन्या आणि निःपक्षपातीपणाचा कायदा

नमस्कार मंडळी, माध्यम कायद्याच्या पेपरसाठी माल्टावर लिहितोय आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीय. जेमतेम साडेपाच लाख वस्तीचा देश, पण दोन्ही मोठ्या पक्षांची स्वतःची टीव्ही वाहिनी आहे. मजूर पक्षाची 'वन', राष्ट्रवादी पक्षाची 'नेट'. (हा राष्ट्रवादी वेगळा, आपला नव्हे!) सरकारी प्रसारण संस्था पीबीएस आहेच.

राज्यघटनेचं कलम ११९ म्हणतं की राजकीय वादाच्या विषयांत प्रसारण निःपक्षपाती राहील हे प्रसारण प्राधिकरणाने शक्य तितकं पाहावं. पण १९९१ च्या प्रसारण कायद्यातल्या कलम १३ च्या परंतुकानुसार (म्हणजे कलमाला 'परंतु...' म्हणून जोडलेल्या अटीनुसार) प्राधिकरण सगळ्या वाहिन्यांचं प्रसारण एकत्र धरून तोल बघू शकतं. म्हणजे एकीने एका बाजूने ओरडायचं, दुसरीने दुसऱ्या, आणि बेरीज शून्य! मला तर ही सरळ पळवाट वाटते. 'लव्हिन माल्टा' या संकेतस्थळाने २०२१ मध्ये याच परंतुकाला न्यायालयात आव्हान दिलं.

कोणाला माहीत आहे का,
– त्या खटल्याची कागदपत्रं इंग्रजीत कुठे मिळतील? माल्टीजमध्ये माझी पाटी कोरी आहे.
– परंतुक रद्द झालं तरी पक्षांची मालकी तशीच राहील ना? की परवान्यावरही परिणाम होईल?

तुलनेला आपल्याकडचं ट्राय (दूरसंचार आणि प्रसारणाचं नियामक प्राधिकरण) घेतोय. राजकीय पक्षांना प्रसारणात येऊ देऊ नये, अशी शिफारस त्यांनी २००८ मध्ये केली, २०१४ मध्येही. त्यावर मराठीत कोणी नीट लिहिलं असेल तर तेही सुचवा. वकील मंडळींनी जरा वेळ काढावा, ही विनंती.