मोंतोनेला यशवंत घाडग्यांच्या स्मारकावर जायचंय, काय घेऊन जाऊ?

माणगावची_लेक:
नमस्कार मंडळी. माहेर माणगावचं. तहसील कचेरीच्या आवारात नाईक यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. बाजाराला जाताना आजी तिथे पायातल्या वहाणा काढून हात जोडायची, म्हणायची, "आपल्या पळसगावचा पोरगा, तिकडंच राहिला बघ." 'तिकडं' म्हणजे कुठे, ते लहानपणी कळत नव्हतं.

१० जुलै १९४४, दुसरं महायुद्ध, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, मेले किंवा जखमी झाले. हे एकटे धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक.

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. मुलगी मिलानला शिकते, मे महिन्यात तिच्याकडे चाललेय. पळसगावची मूठभर माती सोबत न्यायचा विचार आहे. आणि त्यांची समाधी नेमकी कुठे आहे?

रोमचा_पाहुणा:
ताई, माती नेऊ नका. युरोपात बाहेरची माती आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील.
मोंतोने पेरुजाच्या उत्तरेला, टेकडीवरचं तटबंदीचं छोटं गाव. जवळचं मोठं गाव उंबेर्तिदे. चढ आहे, उन्हाच्या आत पोहोचा. स्मारकावर लॅटिन ओळ आहे, तिचा अर्थ 'आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो'. ऊन असेल त्याच दिवशी जा, ढगाळ दिवशी घड्याळावर सावली पडत नाही.

माजी_मराठा:
ताई, समाधी नाही. देह सापडल्याची नोंद नाही, म्हणून नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलंय. नावं रेजिमेंटवार असतात. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री शोधा, तिच्यात नाईक हुद्द्याखाली बघा.
आमच्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून काढून आणलं, मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. ते व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन परत आले. इटलीत ५,७८२ भारतीय जवान पडले, परत न आलेले इतके. आपल्या पोरांना यातलं काही शिकवलं जात नाही, याचा मला फार राग येतो.
माती राहू द्या. नाव सापडलं की मोठ्याने वाचा. मराठी उच्चारात.

माणगावची_लेक:
काका, वाचून डोळे भरून आले. समाधीच नाही हे आजीला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. आता आधी कॅसिनो, मग मोंतोने. मातीऐवजी माणगावच्या पुतळ्याचा मोठा फोटो काढून नेते. पुतळ्याला हार घालून, सकाळच्या उन्हात. जमलं तर पळसगावच्या शाळेतल्या मुलांकडून पाठीमागे चार ओळी लिहून घेईन. तिथल्या नगरपालिकेत तो फोटो द्यायचा तर आधी पत्र पाठवावं लागेल का? पत्र इटालियनमधून माझी मुलगी लिहील.